मावळात शिट्टी वाजली नाही

नागपूरची मंडळी लोणावळ्याला जातात ती धुकं पाहायला, चिक्की आणायला आणि परत आल्यावर "काही विशेष नाही, पण हवा छान" असं सांगायला. मी गेलो होतो सत्कार घ्यायला. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात सत्कार थोडा आणि फजिती जास्त आहे.

दमा हा माझा आयुष्यभराचा धंदा. मला स्वतःला दमा नाही. मी त्यावर संशोधन करत आलो. दुसऱ्यांच्या धापा मोजून माणूस निवृत्त होईपर्यंत सुखात जगू शकतो, याचं मी चांगलं उदाहरण आहे. या धंद्याची सुरुवात मावळात झाली. तीस वर्षांपूर्वी पुण्यात शिकत असताना मळवलीच्या आसपासच्या वाड्यांतून मी प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडलो होतो. प्रश्नावली मूळ इंग्रजीत होती. तिचं मराठी मी केलं आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली.

त्या पाहणीतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. पुरुषांमध्ये दमा होता, जसा सगळीकडे असतो. बायकांमध्ये मात्र जवळजवळ नव्हताच. दिवसभर चुलीपुढे धूर खाणाऱ्या बायकांची छाती ठणठणीत कशी, याचं उत्तर शोधण्यात मी पुढची काही वर्षं घालवली. गोठा, शेण, भाताचं तूस, सगळ्यांना श्रेय देऊन पाहिलं. त्या शोधनिबंधावर मी परदेशी जाऊन आलो, नागपुरात नोकरी मिळाली, विद्यार्थी मिळाले. मावळातल्या बायकांनी मला पोसलं, असं म्हटलं तरी चालेल.

पण त्यातली एक बाई माझ्या मनातून गेली नाही. तिचं नाव हौसाबाई. तेव्हा ती पस्तिशीची असेल. तिची छाती इतकी वाजत होती की मला उंबऱ्यावरून ऐकू आलं. मी प्रश्न विचारला, ती म्हणाली, "न्हाई." मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. उत्तर लिहायचं, आपलं मत लिहायचं नाही, ही आमच्या गुरुजनांची शिकवण होती आणि ती पाळणं सोयीचंही होतं. अहवालाच्या शेवटी माझ्याच हातचं एक वाक्य होतं: 'या भागातील स्त्रियांसाठी दम्याच्या वेगळ्या तपासणीची गरज दिसत नाही.' त्या वाक्यानंतर तिथे कुणी तपासायला गेलं नाही.

परिषदेचं आमंत्रण आलं आणि नकाशा पाहिला. लोणावळ्याच्या पुढचंच स्टेशन मळवली. मी चार दिवस आधी निघालो. हौसाबाई जिवंत आहे की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. ती दम्याने गेली असेल तर शाल घ्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. असले निश्चय नागपुरात बसून करायला सोपे असतात.

लोणावळा

परिषद एका रिसॉर्टमध्ये होती. दारात माझा माणसाएवढा फोटो उभा केलेला. फोटोतला मी वीस वर्षांनी तरुण आणि बराच हुशार दिसत होतो. खाली नाव आणि नावाआधी पदवी: 'श्वासमहर्षी'. ही पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते मी विचारलं नाही.

निशिगंधा ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता परिषदेची सचिव. तिने मला सभागृह दाखवायला नेलं. व्यासपीठावर दोन माणसं काळ्या पेटीसारखं एक यंत्र लावत होती. पाहुण्यांच्या आगमनाला त्यातून धूर निघणार होता.

"निशी, ही दम्याची परिषद आहे ना?"

"सर, तो धूर खरा नसतो."

"खोकला खरा येतो."

ती हसली, पण तेवढ्यात यंत्र चालू झालं आणि पुढच्या रांगेत खुर्च्या पुसणारा माणूस खोकत बाहेर गेला. खोकला खरा ठरला; यंत्र मात्र राहिलं. परिषदेतला एवढाच निष्कर्ष प्रत्यक्ष पुराव्यावर आधारलेला होता असं माझं मत आहे.

मग तिने मानचिन्ह दाखवलं, काचेची दोन फुफ्फुसं. दोन्ही हुबेहूब सारखी. खऱ्या माणसाचं डावं फुफ्फुस हृदयाला जागा देण्यासाठी जरा लहान असतं. कारागिराने हृदय वगळून हिशोब केला होता. शेवटी मानपत्र. चंदेरी चौकटीत, जाड अक्षरांत: 'मावळच्या मातीत स्त्रियांच्या निरोगी श्वासाचे रहस्य शोधणारे...' पुढचं मी वाचलं नाही.

संध्याकाळी बाजारातून फिरलो. लोणावळ्यात चिक्कीचं प्रत्येक दुकान मूळ आहे; शाखा कुणाचीच नाही. आमच्याकडे सावजीच्या भोजनालयांचं असंच आहे, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मळवली

नोव्हेंबरात मावळ पाहावा. पावसाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, भात कापून झालेला असतो, खाचरांतून पिवळे खुंट उरतात आणि पेंढ्याच्या उडव्या दुरून झोपड्यांसारख्या दिसतात. एका बाजूला लोहगड, त्याला खेटून विसापूर. आमच्याकडची जमीन क्षितिजापर्यंत सपाट. कुणी येत असेल तर अर्धा तास आधी कळतं. इथे माणूस एकदम टेकाडामागून उगवतो आणि विचारतो, "जागा बघाय आलाय का?"

मला हा प्रश्न तासाभरात चौघांनी विचारला. टोपी घातलेला, बूट घातलेला, अनोळखी म्हातारा इथे दुसऱ्या कशासाठी येणार? पहिल्या तिघांना मी नाही म्हटलं. चौथ्याला म्हटलं, "जागा नाही, माणूस बघायला आलोय." त्यावर तो थांबला.

त्याचं नाव बबन. हौसाबाईंची वाडी होती तिथे आता बंगले आहेत आणि त्यातल्या एका बंगल्याचा तो केअरटेकर. शेताच्या जागी हिरवळ, गोठ्याच्या जागी पोहण्याचा तलाव. मालक मुंबईचे.

"म्हैन्यातनं दोनदा येत्यात," बबन म्हणाला. "हवा खायला."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचं दिस हवा मी खातो. फुकाट जाती न्हाईतर."

त्याने फाटकाच्या आत खुर्ची दिली, पाणी दिलं. मी हौसाबाईंचं नाव काढलं.

"हौसामावशी? ही जागा त्यांचीच की." तो पाइपने गवताला पाणी मारत होता, तोंड न वळवता म्हणाला, "पर त्या गेल्या."

मी ज्या गोष्टीची तीस वर्षं धास्ती घेतली होती, ती अशी दोन शब्दांत आणि पाठमोरी आली. पाइपातल्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"कधी?" मी विचारलं.

"झाली की धा-अकरा वरसं. जागेचा येव्हार झाला अन लगीच गेल्या."

"कशाने गेल्या?"

"लोकलनं," बबन म्हणाला. "सामान तेवढं टेम्पोनं गेलं."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्यानेही आता वळून माझ्याकडे पाहिलं आणि पाइप खाली टाकला.

"आबा, काय होतंय का? पंख्याखाली बसता का?"

"त्या आहेत?"

"हायत की. कान्ह्याला, लेकीकडं. आता परवा बाजारात भेटल्या, माज्यावर वराडल्या. मी काय म्हणलं तुमास्नी?" मग त्याच्या लक्षात आलं. तो इतका हसला की त्याला बसावं लागलं. "वारल्या म्हंजी वारल्या म्हणतो आमी. गेल्या म्हंजी गेल्या."

मराठी भाषेशी माझं जमत नाही, याची ही पहिली सूचना होती. दुसरी कान्ह्याला मिळायची होती. पण त्या क्षणी मला ती हिरवळ, तो तलाव, इतकंच काय, मुंबईचे मालकसुद्धा आवडले. बबनने केलेला चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा. तोही मी संपवला.

कान्हे

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्ह्याला उतरलो. बबनने सांगितलं होतं, "आशाताईचं घर इचारा. मावशीचं नाव घेऊ नका, धाजण धा वाटा सांगत्याल." हौसाबाईंची लेक मंदा आशा सेविका आहे, म्हणजे सरकारच्या वतीने घरोघर जाऊन बाळंतिणींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणारी. मी तीस वर्षांपूर्वी जे काम महिनाभर केलं आणि त्यावर नाव कमावलं, ते ती रोज करते.

घरापलीकडच्या खळ्यात भाताची झोडणी चालली होती. धुराळा उठत होता. हौसाबाई खळ्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, ओट्यावर बसल्या होत्या, नाकातोंडाला फडकं बांधून. तिथूनच झोडणाऱ्यांना शिव्या चालू होत्या. शिव्या सलग होत्या. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागत नव्हतं. माझ्या धंद्यात याची नोंद घेतात.

मी नाव सांगितलं. त्यांना ओळख पटली नाही. पुण्याहून यायचो, वही घेऊन, असं सांगितलं. तरी नाही. मग म्हटलं, "तुमच्याकडे पिठलं-भात जेवलो होतो, आणि वरून आणखी ठेचा मागितला होता."

त्यांनी फडकं खाली ओढलं. "नागपूरवालं?" मग आत तोंड करून हाक मारली, "मंदे, भाईर ये. शिट्टीवाला आलाय."

मंदा हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला काही समजेना.

"शिट्टीवाला कोण?" मी विचारलं.

"तुमीच की," हौसाबाई म्हणाल्या. "वाडीतल्या समद्या बाया तुमास्नी शिट्टीवाला डाक्टरच म्हणायच्या."

"मी कधी शिट्टी मारली?"

"मारली न्हाई, इचारली. माजा सासरा हितं असा बसलेला. दीर तितं. अन तुमी जवान पोरगं, वही काढून मला इचारताय," इथे त्यांनी माझ्या त्या वेळच्या शुद्ध उच्चारांची नक्कल केली, "'गेल्या बारा महिन्यांत आपल्या छातीत शिट्टी वाजली का?'"

मंदा आत पळाली. आतून हसण्याचा आवाज आला.

प्रश्न बरोबर होता. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. जगभर हाच प्रश्न विचारतात. मी शब्दाला शब्द ठेवला होता. शिट्टी कोण मारतं आणि कुणाकडे बघून मारतं, हा विचार मात्र भाषांतरात बसला नव्हता.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? न्हाई म्हणलं. अन तुमी शेजारच्या घरात जायच्या आदी परसातनं सांगावा धाडला, शिट्टीवाला यितोय, काय बी इचारलं तरी न्हाई म्हणा. शेवटच्या घरापातूर सांगावा तुमच्या म्होरं पळत व्हता."

माझ्या त्या निबंधाचं तीन परदेशी तज्ज्ञांनी परीक्षण केलं होतं. आकडेमोड तपासली, पद्धत तपासली, उत्तरं इतकी एकसारखी आहेत म्हणून विशेष कौतुक केलं. त्यांच्यापैकी कुणालाही सासऱ्यासमोर तो प्रश्न विचारला गेला नव्हता.

"बरं, मी शिट्टी म्हटलं नसतं तर? दमा आहे का, असंही विचारलं होतं की."

"दमा म्हाताऱ्या बाप्यांचा. खाटंवर बसून थुंकत्यात त्यो. घरात लग्नाची नणंद, अन मी दमा हाय म्हणू?"

"मग तुम्हाला जे होत होतं, त्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"मांजार," त्या म्हणाल्या. जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. "छातीत मांजार बसायचं."

मंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती आता कामाच्या आवाजात बोलली. "आमच्याकडं बाया असंच म्हणत्यात, सर. आज मांजार बसलंय, काल लय घुरघुरलं. मी घरी गेले की दमा म्हणतच न्हाई. मावशी, मांजार बसतं का, एवढंच इचारते. लगीच सांगत्यात. सासू बसली असली तर सासू बी सांगती, माज्यात बी बसतं म्हणून."

"आणि मग?"

"मग डॉक्टरकडं पाठवते. आधी आईलाच नेलं. ती म्हणं, पंप लागला म्हंजी मानूस संपला. चार म्हैने भांडत होतो."

"तू भांडत व्हतीस," हौसाबाई म्हणाल्या. "मी गप व्हते. धाप लागायची बोलताना."

मी त्यांना पंप घेऊन दाखवायला सांगितलं. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण निम्मे लोक चुकतात. औषध आत ओढायच्या ऐवजी पंपात फुंकर मारतात. हौसाबाईंनी पंप हलवला, श्वास सोडून दिला, ओठ आवळून सावकाश आत ओढला, थांबल्या, मग उठून चूळ भरली. माझ्या विभागातल्या काही डॉक्टरांना हे इतकं नीट दाखवता येत नव्हतं.

"कुणी शिकवलं?"

"हिनं. म्हणली, जलमभर चूल फुकलीस, आता उलटी फुंकर मार."

उलटी फुंकर. मी खिशातली वही काढून हे दोन शब्द लिहून घेतले. हौसाबाई वहीकडे संशयाने पाहत होत्या.

बॅगेत स्टेथोस्कोप होता. निवृत्त माणसाची सवय. मी परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, "ऐका की. आता कोण सासरा बसलाय?" पाठीवर चार ठिकाणी ऐकलं. आवाज नव्हता. दम्यात कधी कधी गप्प छाती ही फार वाईट खूण असते. ही तशी नव्हती. हवा शेवटपर्यंत आत जात होती आणि बाहेर येत होती, सुटीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यातून वारा जावा तशी. तीस वर्षं कानात राहिलेला तो आवाज तिथे नव्हता, हे मी आणखी दोन ठिकाणी ऐकून खात्री करून घेतलं. मग स्टेथोस्कोप गुंडाळायला मला जरा वेळ लागला.

मी त्यांना अहवालातलं ते वाक्य सांगितलं. माझ्यामुळे तपासणी झाली नाही, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पंप यिस्तवर लय वरसं भितीला टेकून बसून झोपले मी. तुमी व्हय लिवलं असतं तर दवाखाना आला असता?"

"कदाचित."

"कदाचित म्हंजी न्हाईच." त्यांनी फडकं झटकून पुन्हा बांधलं. "पर तुमास्नी ऐकू तर येत व्हतं. माजी छाती खळ्यापातूर ऐकू जायची. मग कागदाचं कशाला ऐकलंत?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी विषय बदलून मला जेवायला बसवलं. नव्या इंद्रायणीचा भात. आमच्याकडे भात सुटा झाला नाही तर सुगरणीला बोलणी बसतात. इथे तो मऊ, चिकट आणि स्वतःच्या वासावर उभा असतो. वर वांग्याचं कालवण. मी ठेचा मागितला, तेव्हा दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

निघताना मी मंदाला परिषदेला बोलावलं. जे मला जमलं नाही ते तिने सांगावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"माजं काय काम तितं?" ती म्हणाली. "उद्या लसीकरण हाय. तुमीच सांगा. फकस्त नीट सांगा, बायांनी खोटं सांगितलं असं नगा सांगू."

पुन्हा लोणावळा

निशिगंधाला मी रात्रीच फोन करून सांगितलं होतं. सकाळी ती सभागृहाच्या दारात उभी होती, चेहरा पडलेला.

"सर, मानपत्र फ्रेम झालंय."

"फ्रेम राहू दे. मजकूर बदलू."

"आणि माझा प्रबंध? तुमचा तो निष्कर्ष माझ्या पहिल्या प्रकरणात आहे."

"माझ्या तर सगळ्याच प्रकरणांत आहे. दोघं मिळून काढू."

तिने कार्यक्रमपत्रिका उघडून वेळा पाहिल्या. मग म्हणाली, "प्रमुख पाहुणे साडेअकराला जातात. त्यानंतर बोलाल का?" सचिवपदामुळे माणसात शहाणपण येतं ते असं.

धूर निघाला, पाहुणे खोकले, शाल आली. शाल मी घेतली. हौसाबाई जिवंत होत्या, त्यामुळे माझ्या निश्चयाची अट सुटली होती. साडेअकरानंतर मी उभा राहिलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. शिट्टीच्या प्रश्नाला सभागृह मनसोक्त हसलं. सांगावा घरोघर माझ्यापुढे पळाला, त्यालाही हसलं. मग मी ते अहवालातलं वाक्य वाचलं आणि हौसाबाईंनी भिंतीला टेकून काढलेली वर्षं सांगितली. तेव्हा हसू थांबलं. बायांनी खोटं सांगितलं नव्हतं, मी भलतं विचारलं होतं, एवढं सांगून मी बसलो. माझं निरोगी श्वासाचं रहस्य बारा मिनिटांत संपलं. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी हे सगळं 'सरांची विनम्रता' या सदरात जमा केलं. मोठ्या माणसाने चूक कबूल केली तरी सभागृह तिला चूक मानत नाही, हे मला नवीन होतं. तरी मला हलकं वाटत होतं, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडल्यासारखं. निकाल काय लागायचा तो लागो.

जेवायला बुफे होता. मी ताट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. रिसॉर्टच्या गणवेशातल्या एक बाई पाण्याचा जग घेऊन आल्या, चाळिशीच्या असतील. पेला भरला, तो भरलेला असताना पुन्हा भरल्यासारखं केलं आणि गेल्या नाहीत.

"सायेब, मगाशी मी हॉलात व्हते, चहाचे कप उचलाय," त्या हळूच म्हणाल्या. "ते तुमी म्हणलात ना, मांजार."

"हो."

"माज्यात बी बसतं. दोन वरसं झाली. सुपरवायझरला सांगितलं तर कामावरनं काढील म्हणून बोलले न्हाई." त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "आत आनखी दोघी हायती. त्यांना बी हाय. बोलवू का?"

"बोलवा," मी म्हणालो, आणि त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलली.